झेरॉक्स, ओटीपी आणि सातबारा

ज्या माहितीवरून एखादा माणूस नेमका ओळखू येतो, ती त्याची वैयक्तिक माहिती. नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक त्यात आलेच. पण बोटाचा ठसा, बँकेचे खाते, दवाखान्याचा केसपेपर, फोन कोणत्या वेळी कोणत्या टॉवरखाली होता याची नोंद, हेही त्यातच मोडते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याने हीच व्याख्या धरली आहे, पण एका अटीसह: माहिती डिजिटल स्वरूपात गोळा झालेली असावी, किंवा कागदावरून पुढे संगणकात चढवलेली असावी. म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेला आधारकार्डांच्या झेरॉक्सांचा गठ्ठा या कायद्याच्या बाहेर, आणि त्याच गठ्ठ्यातला एक कागद स्कॅन झाला की तो कायद्याच्या आत.

शहरी वाचकाला ‘डेटा’ म्हटले की फेसबुक, गूगल डोळ्यांपुढे येते. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत मात्र माणसाची बहुतेक महत्त्वाची माहिती पहिल्यांदा हातून सुटते ती सेतू केंद्राच्या काउंटरवर. मेहकर असो की संग्रामपूर, तिथले दृश्य सारखेच. एका बाजूला झेरॉक्सचे यंत्र, दुसऱ्या बाजूला संगणक, मध्ये फॉर्म भरायला उभी असलेली रांग. आधार, रेशनकार्ड आणि पासबुकाचे फोटो घरच्या पोराने केंद्रचालकाच्या व्हॉट्सॲपवर आधीच टाकलेले असतात. “आजी, मोबाईलवर नंबर आला असंल, सांगा बरं,” असे चालक म्हणतो, आणि आजी सहा आकडे सगळ्या रांगेला ऐकू जातील असे सांगतात. काम होते, पावती मिळते. फोटो चालकाच्या फोनमध्ये राहतात, स्कॅन केलेला कागद संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहतो, बिघडलेली झेरॉक्स रद्दीत जाते. इथे फसवणूक कोणी केलेली नाही. चालक भला माणूस आहे आणि त्याच्याशिवाय गावाचे पान हलत नाही. तरीही एका अर्जासाठी दिलेली माहिती काम झाल्यावर कुठे राहिली, हे ना आजींना ठाऊक आहे, ना चालकाच्या लक्षात.

एवढी माहिती द्यावी लागते, कारण मागणारे वाढले आहेत. पीएम किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात, आणि त्यासाठी आधार, खाते, जमिनीची नोंद आणि केवायसी लागते. ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आले आणि पिकाचा फोटो बांधावरून जाऊ लागला. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदीच्या योजनेखाली शेतकऱ्याला जो ओळख क्रमांक मिळतो, लोकांच्या बोलण्यात ‘फार्मर आयडी’, तो आधार, मोबाईल आणि सगळे गट क्रमांक एका दोरीत ओवतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी तो सक्तीचा झाला. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर येणारा ओटीपीही मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्यांची अडचण झाली, आणि त्याच गर्दीत सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळेही निघाली.

या सरकारी मागणीला नव्या कायद्यात संमतीची गरज ठेवलेली नाही. अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी शासनाने माहिती वापरणे हा कलम ७ प्रमाणे ‘वैध वापर’ आहे. हप्ता हवा असेल तर माहिती द्यायचीच. पण ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती ती वापरावी आणि सांभाळून ठेवावी, ही जबाबदारी घेणाऱ्याकडे राहते. गावपातळीवर ती पाळली जाते की नाही हे पाहायला कोणी येत नाही. या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा तोच आहे.

सातबाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडला की कोणाचाही सातबारा पाहता येतो: खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा. कोणाच्या जमिनीवर किती कर्ज आहे हे गावातला कोणीही बसल्या जागी वाचू शकतो. जमीन घेणाऱ्याला तिच्यावरचा भार आधी कळावा म्हणून ही नोंद उघडी ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र २०२३ चा कायदा म्हणतो की जी माहिती कायदेशीर बंधनामुळे सार्वजनिक झाली, तिला हे संरक्षण लागू नाही. त्यामुळे दलाल, खत-बियाण्यांचा विक्रेता किंवा कर्जाचा एजंट सातबाऱ्यावरून याद्या तयार करू लागला, तर या कायद्याच्या आधारे त्याला अडवणे कठीण. “तुमच्या इतक्या एकराला इतके कर्ज बसते,” असा फोन येतो तेव्हा शेतकऱ्याला वाटते की बँकेतूनच कोणी माहिती फोडली. बऱ्याचदा फोडायला काही नसतेच. ती नोंद उघड्यावरच असते. आकडा बरोबर सांगितला म्हणून फोन करणारा खरा, असे समजण्यातला धोका हाच.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे सावकारीच्या काळापासून प्रत्येक घराला माहीत आहे. आजचा कोरा कागद म्हणजे आधारवर पैसे काढून देणारे यंत्र. बँकमित्र गावातच पैसे देतो, शाखेपर्यंतची चाळीस रुपयांची एसटी वाचते, म्हाताऱ्या माणसांना तर ही सोय मोठीच. यंत्रावर आधार क्रमांक आणि बँकेचे नाव टाकायचे, अंगठा ठेवायचा, रक्कम हातात. स्क्रीन मात्र चालकाकडे वळलेली असते. “अंगठा नीट उमटला नाही, परत लावा,” असे ऐकले की माणूस पुन्हा अंगठा ठेवतो. एक व्यवहार झाला की दोन, हे त्याला कळते ते पासबुक भरून आणल्यावर. ठसा कागदावरूनही चोरीला जातो. तेलंगणात २०१८ मध्ये नोंदणी खात्याच्या दस्तांवरचे ठसे घेऊन, रबरी शिक्क्यासारखे त्यांचे साचे करून हजारो सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण पोलिसांनी उघडकीस आणले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून ठसे ‘लॉक’ करण्याची सोय आहे. गरज पडली की थोड्या वेळापुरते उघडायचे, पुन्हा बंद करायचे. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार काढून देता येते. ही सोय काउंटरवर फारशी कोणी सांगत नाही.

फोनवरून होणाऱ्या लुटीत गेल्या काही वर्षांत अनेक घरे जिने फोडली ती एपीके नावाची फाईल. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवण्याची फाईल; प्ले स्टोअरला वळसा घालून ती थेट व्हॉट्सॲपवरून पाठवता येते. गावाच्या ग्रुपवर पीएम किसानच्या यादीच्या नावाने, आरटीओच्या चलानाच्या नावाने किंवा चक्क लग्नपत्रिकेच्या नावाने ती येते, आणि पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. यादीत आपले नाव आहे का हे पाहायला बोट लागते. फोन इशारा देतो की हे ॲप अनोळखी ठिकाणचे आहे. घाईत ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबले जाते. मग ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. तीच त्याची खरी चोरी. तिथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी त्या माणसाच्या आधी दुसरीकडे पोचतो, खात्यातून पैसे निघतात, आणि त्याच्याच नावाने तीच फाईल पुढच्या पंचवीस ग्रुपवर जाते. अशा वेळी फोन विमान मोडवर टाकून नेट तोडणे हे पहिले काम, आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा क्रमांक लावणे हे लगेच दुसरे.

१९३० ही आर्थिक सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथे नोंद झाली की पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तिथेच रोखून धरता येते. पैसा मात्र एका खात्यात बसून राहत नाही. तासाभरात तो चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून निघतो. म्हणून तक्रारीत दिवस नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. तीच नोंद सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते, आणि जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. “बुलढाण्याला जा” असे सांगून सिंदखेडराजाच्या माणसाला परत पाठवता येत नाही. गुन्हा लागतो तो प्रामुख्याने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क आणि ६६-ड खाली. दुसऱ्याची ओळख वापरणे आणि तोतयेगिरीने फसवणे, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

पैसे परत मिळण्याचा मार्ग वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी व्यवहार केला, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा तोटा त्याचा. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकली आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. इथे बुलढाण्याच्या वाचकाने एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी: पतसंस्था ही बँक नव्हे. हा जिल्हा पतसंस्थांचा आहे, अनेक घरांची ठेव तिथे आहे, पण पतसंस्थांवर नियंत्रण सहकार खात्याचे किंवा केंद्रीय निबंधकांचे असते. रिझर्व्ह बँकेचे हे परिपत्रक त्यांना लागू नाही.

कर्ज देणाऱ्या ॲपांनी याच काळात वेगळा छळ मांडला. पाच-दहा हजारांचे कर्ज पाच मिनिटांत, बदल्यात फोनमधली संपर्क यादी आणि फोटो. हप्ता चुकला की त्या यादीतल्या मामाला, मास्तरांना, सोयरिकीच्या घरी फोन जातात, मोडतोड केलेले फोटो पाठवले जातात. २ सप्टेंबर २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनी हे रोखले: कर्जाच्या ॲपला फोनमधील फाईल, फोटो, संपर्क यादी, कॉलची नोंद यांत हात घालता येत नाही, कॅमेरा, माइक आणि ठिकाण फक्त सुरुवातीच्या नोंदणीसाठी, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. म्हणजे संपर्क यादी मागणारे कर्जाचे ॲप नियम मोडत आहे, हे त्या मागणीवरूनच कळते. यातली खोच अशी की यादीतल्या शंभर माणसांनी संमती दिलेलीच नसते. स्वतःचा क्रमांक दुसऱ्याच्या फोनमध्ये असतो एवढाच त्यांचा दोष.

आणि माहिती म्हणजे केवळ आकडे नव्हेत. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागले. आरोग्य खात्याची आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. पण त्याच्याही आधी गेले ते फोटो. मुठीत आलेले केस, मुलींची डोकी, चेहरे, गावांची नावे मोबाईलवरून देशभर फिरली. ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या. आजार बरा होतो, केस परत येतात. फोटो परत येत नाही. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती, २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. शिवाय कोणी स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा तिथे लागू होत नाही, त्यामुळे फॉरवर्ड करणारा प्रत्येक जण त्याच्या कक्षेत येईलच असे नाही. रुग्णाचा चेहरा दाखवण्याआधी त्याला विचारणे हे काम कायद्याने सोडले आहे ते पत्रकारांच्या, आरोग्यसेवकांच्या आणि शेजाऱ्यांच्या विवेकावर.

चेहरा, खोटे खाते किंवा अश्लील केलेले चित्र समाजमाध्यमावर आले तर दाद मागण्याचा पहिला दरवाजा त्या माध्यमाचाच आहे. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक माध्यमाला तक्रार अधिकारी नेमायला लावला. उघडेनागडे किंवा तोतयेगिरीसाठी बनवलेले चित्र हटवायला मूळ नियमांतच २४ तासांची मुदत होती. अधिकाऱ्याने ऐकले नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते, वकील लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुसरी बाजूही महाराष्ट्रानेच देशाला दाखवली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते ‘लाइक’ केले, आणि दोघींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे त्या कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. न आवडलेली पोस्ट आणि गुन्ह्याची पोस्ट यांतली रेघ त्या निकालाने आखून दिली; तरी पुढेही काही पोलीस ठाण्यांत रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले गेले, आणि न्यायालयाला ताकीद द्यावी लागली.

या सगळ्या हक्कांच्या मुळाशी आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल. नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लागू होण्याचे टप्पे मात्र लांबवले आहेत. डेटा संरक्षण मंडळ लगेच, आणि सामान्य माणसाच्या हक्कांची कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये.

तेव्हा काय मिळेल? माहिती मागताना कशासाठी हवी याची सूचना द्यावी लागेल, आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय ठेवावी लागेल. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येईल. गरजेपेक्षा जास्त मागितलेल्या माहितीला दिलेली संमती मुळात संमतीच नव्हे, हे कायद्याने एक उदाहरण देऊन सांगितले आहे: फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादीही मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी यादीपुरता तो होकार ग्राह्य नाही. कोणाकडे आपली काय माहिती आहे हे विचारता येईल, चुकलेली दुरुस्त आणि नको असलेली नष्ट करून घेता येईल. माहिती फुटली तर कंपनीला त्या त्या माणसाला विनाविलंब कळवावे लागेल. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. सुरक्षेत कुचराई झाली तर २५० कोटींपर्यंत दंड.

तो दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही, आणि या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव हीच. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ ने निष्काळजी संस्थेकडून भरपाई मागता येते; राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे त्याचे न्यायनिर्णय अधिकारी. राजेश अग्रवाल त्या पदावर असताना २०१३ मध्ये पुण्यातील एका उद्योजकाच्या खात्यातून पैसे गेल्याच्या प्रकरणात बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला होता. नव्या कायद्याचा तो भाग लागू होताच ४३-अ पुस्तकातून निघून जाईल. उलट खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याच नव्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल मात्र थांबला नाही; तो नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. आता ‘वैयक्तिक आहे’ एवढे कारण पुरते. ज्या राज्यात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी झाला, तिथे याची झळ ग्रामसभेपर्यंत लागते. घरकुलाची यादी, रोजगार हमीचे हजेरीपट, पीकविम्याचे लाभार्थी यांत नावे असतातच, आणि नावांशिवाय बोगस लाभार्थी सापडत नाही. माहिती अधिकाराचे कलम ८(२) अजून शाबूत आहे: नुकसानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्यावी लागते. यापुढच्या अर्जात ते हित कोणते, हे अर्जदाराने पहिल्याच ओळीत लिहिलेले बरे.

२०२३ च्या डेटा कायद्याच्या कलम १४ ने एक हक्क दिला आहे, ज्याची चर्चा कमी होते. मृत्यूनंतर किंवा माणूस असमर्थ झाल्यावर त्याच्या माहितीवरचे हक्क कोणी बजावावेत, यासाठी नॉमिनी नेमता येईल. जमिनीला फेरफार आहे, ठेवीला नॉमिनी आहे. फोनमधल्या खात्यांना, फोटोंना, ॲपांकडे पडून राहिलेल्या नोंदींना आजवर कोणीच नव्हते. आजोबा गेल्यावर त्यांचे सिम बंद पडते, काही महिन्यांनी तो क्रमांक दुसऱ्याला मिळतो, आणि त्यांच्या नावाची खाती त्याच क्रमांकाला जोडलेली राहतात. म्हणून तेराव्याच्या आधी-नंतर ज्या दिवशी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, त्याच दिवशी बँकेत आणि आधारशी जोडलेल्या प्रत्येक ठिकाणी तो क्रमांक काढून टाकण्याचा अर्जही जायला हवा.